एक फोटो नंतरसाठी

नोकरीच्या पहिल्याच दिवशी भाऊंनी माझे दोन फोटो काढले. पहिला ओळखपत्रासाठी. तो झाल्यावर मी खुर्चीतून उठायला लागले, तर म्हणाले, "बस जरा. हा झाला कार्डाचा. आता एक नंतरसाठी."

"नंतर म्हणजे?"

"म्हणजे तू नसशील तेव्हा."

मला वाटलं, नोकरी सोडेन तेव्हा. निरोप समारंभाला लावत असतील. म्हणून मी छान हसले. भाऊंनी कॅमेरा खाली घेतला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "एवढं नको हसू. त्याला हार असतो."

मी त्या दिवशी घरी जाऊन आईला सांगितलं, की नोकरी बरी आहे, पण फोटोग्राफर वेडा आहे. पुढची बरीच वर्षं मी त्या वेड्या माणसाच्या शेजारच्या टेबलावर बसले. आजही कोणी माझा फोटो काढायला लागलं की माझं हसू आपोआप अर्ध्यावर थांबतं.

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आमचं ऑफिस होतं. आम्ही कारखान्यांचे कॅटलॉग बनवायचो. पंप, व्हॉल्व्ह, बेअरिंग, नळाच्या तोट्या. भाऊ फोटो काढत आणि मी त्याखाली चार ओळी लिहीत असे. तोटीबद्दल चार ओळी लिहायच्या म्हणजे काय दिव्य असतं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. जोडीला इस्टेटमधल्या बऱ्याच कारखान्यांची ओळखपत्रं आमच्याकडे बनत, त्यामुळे भाऊंच्या पांढऱ्या पडद्यासमोर इस्टेटमधलं निम्मं पब्लिक बसून गेलं होतं.

भाऊ उंच, किडकिडीत, गळ्यापर्यंत बटणं लावलेले. वर्षानुवर्षं डाव्या खांद्यावर कॅमेरा लटकवून शरीर उजवीकडे झुकलेलं. कॅमेरा खांद्यावर नसला तरी ते तसेच झुकून चालत, आणि ते बघून मला उगाच वाटायचं की खांद्यावर काहीतरी आहे, फक्त आपल्याला दिसत नाहीये. बोलता बोलता मध्येच त्यांचा डावा डोळा मिटायचा. मग समजायचं की हे आता आपलं ऐकत नाहीयेत, आपल्याला चौकटीत बसवून बघतायत. नवीन मुली फार वैतागायच्या. मला सवय झाली, पण आवडलं असं नाही.

त्यांचा कॅमेरा म्हणजे जुना, व्यावसायिक लोकांचा डीएसएलआर. अंगठ्याखालची अक्षरं पुसून गेलेली, मुठीचं रबर सुटलेलं आणि पुन्हा चिकटवलेलं, वजन तर असं की मी एकदा हातात घेतला आणि दुसरा हात लावावा लागला. आवाज दणदणीत. तो खटॅक खाली गाळ्यात प्रेसवर काम करणाऱ्यांनाही ऐकू जायचा.

आणि त्या कॅमेऱ्यातून बघण्याआधी भाऊ नेहमी विचारत, "काढू?" विचारून थांबत. माणसाला विचारत तसंच व्हॉल्व्हलाही. हे मी डोळ्यांनी बघितलंय. एकदा एक पितळी व्हॉल्व्ह दिव्याखाली ठेवला, विचारलं, थांबले, आणि उचलून परत खोक्यात ठेवला. क्लायंट समोर बसलेला.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"आत्ता नको म्हणतोय. जेवण झाल्यावर परत विचारू."

तो क्लायंट गेला. मालकांनी भाऊंना झापलं, आणि भाऊंनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. जेवणानंतर व्हॉल्व्ह तयार झाला असावा, कारण फोटो निघाला आणि चांगला निघाला.

नंतरसाठीच्या फोटोंची मी सुरुवातीला यथेच्छ टिंगल केली. मग शेजारच्या कारखान्यातला एक लेथवाला अचानक गेला. आपल्याकडे श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो तो कसा असतो, सगळ्यांनी बघितलंय. आधारचा फोटो ताणून मोठा केलेला, माणूस पोलिसांना हवा असल्यासारखा. पण या लेथवाल्याचा भाऊंकडे होता. गेटवर फ्लेक्स लागला. त्याची बायको आली, त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "घरी अशेच बसायचे."

त्यानंतर इस्टेटमध्ये रीतच पडून गेली. जेवणाच्या सुट्टीत माणसं एकेकटी जिना चढून येत, इकडेतिकडे बघत आणि हळूच म्हणत, "भाऊ, तो नंतरचा काढायचा होता." एका कारखान्याचे हिशेबनीस दर दिवाळीला नवीन शर्ट घालून यायचे. "गेल्या वर्षीचा जुना झाला, भाऊ. केस गेले यार सगळे." एका मॅनेजरने आमच्या मालकांकडे तक्रार केली, की तुमचा फोटोग्राफर आमच्या कामगारांना घाबरवतो. त्याचा स्वतःचाही फोटो भाऊंकडे होता, गॉगल डोक्यावर चढवून काढलेला.

ते सगळे चेहरे भाऊंच्या कॉम्प्युटरमध्ये होते. कधी दुपारी ते एकेक उघडून बसत, काही करत नसत, नुसते बघत. मला पाठीमागून दिसायचं. एकामागून एक माणसं, सगळी त्याच खुर्चीत, सगळी थोडी हसू आवरलेली. त्यातली काही त्याच वेळी खाली गाळ्यांमध्ये काम करत होती, काही नव्हती, आणि पडद्यावर बघून कोण कुठलं ते सांगता येत नसे. मी उठून पाणी प्यायला जायचे.

एवढ्या लोकांचे फोटो होते, पण भाऊंना ज्या एका माणसाचा हवा होता, त्याचाच नव्हता. त्यांच्या बायकोचा.

वहिनींना मी पहिल्यांदा बघितलं ऑफिसच्या सत्यनारायणाला. बुटक्या, गोऱ्या, हातात तुळशीची जुडी, मालवणकडचं हेल काढून बोलणं. सगळ्यांचे फोटो चालले होते. भाऊ वहिनींकडे वळले, "काढू?" म्हणाले, आणि वहिनींनी पदर घेऊन तोंड भिंतीकडे केलं. भाऊ थांबले. मग कॅमेरा खाली घेतला. हे इतकं सवयीने झालं, की मला कळलं हे आजचं नाही. मी वहिनींना विचारलंच, "काढू द्या ना एक. एवढे मागे लागलेत."

"हे नंतर बघूक काढतत गो," वहिनी म्हणाल्या. "माका नंतरचा नको. बघूचा असात तर आताच बघा म्हणावा."

"बघतोच आहे की," भाऊ म्हणाले. डावा डोळा मिटलेला होता.

"माका खय बघतास? काचेत बघतास."

त्या हसून बोलल्या होत्या, म्हणून मीही हसले.

वर्षभराने वहिनी आजारी पडल्या. डॉक्टरांनी आशा सोडली असं म्हटलं नव्हतं, पण बोलताना ते भाऊंकडे बघत नसत, आणि लोक कुठे बघतात हे भाऊंना सगळ्यात आधी समजे. त्या दिवसापासून त्यांचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर. वहिनींचा एक फोटो. लग्नाच्या अल्बममध्ये त्यांची मान खाली होती, आणि आधार कार्डावरची बाई म्हणजे त्याच आहेत हे शेजाऱ्यांनीही कबूल केलं नसतं. "सगळ्या इस्टेटला चेहरा दिला मी," भाऊ एकदा म्हणाले, "आणि माझ्या घरात भिंत रिकामी राहणार." मला फार वाईट वाटलं त्यांचं. आणि वहिनी अजून आहेत, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं असंही वाटलं.

त्याच सुमाराला मालक सिंगापूरहून एक नवीन कॅमेरा घेऊन आले. कॅमेरा कसला, नुसती लेन्स. गोल, काळी, मुठीत मावेल एवढी. मागे काहीच नाही. ती मोबाइलच्या पाठीला अडकवायची, आणि नाही अडकवली तरी चालतं. लेन्स एका खोलीत ठेवा, मोबाइल दुसऱ्या खोलीत घेऊन बसा, वायफायवर चित्र दिसतं आणि फोटोही निघतो. मालकांनी एकाच पंपाचे दोन फोटो काढवले, एक जुन्या कॅमेऱ्याने, एक नवीन लेन्सने, आणि प्रिंट शेजारी शेजारी ठेवल्या. कोणालाच फरक सांगता आला नाही. मलाही नाही.

"झकास ना?" मालक म्हणाले. "भाऊ, तो तुमचा धोंडा आता काढून टाका."

भाऊंनी त्या लेन्सचं नाव डबी ठेवलं. मालक गेल्यावर त्यांनी डबी माझ्या टेबलावर माझ्याकडे तोंड करून ठेवली, मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हात हलव."

मी हात हलवला. पडद्यावर माझा हात नंतर हलला.

"खाली घे."

मी हात खाली घेतला. पडद्यावर तो अजून वर होता. मग खाली आला. अर्ध्या सेकंदाचाच फरक, पण आपलाच हात आपल्या मागून येताना बघणं मला काही आवडलं नाही.

"वायफाय आहे, भाऊ. तेवढा उशीर लागणारच."

"तेच म्हणतो. मोठ्या कॅमेऱ्यातून बघतो ते आत्ताचं असतं. उजेड काचेतून येतो, आरशावर पडतो, माझ्या डोळ्यात येतो. मध्ये कोणी नाही. आणि बटण दाबलं की आरसा वर जातो, मला काळोख दिसतो. म्हणजे जो फोटो मिळतो, तो क्षण मी बघितलेलाच नसतो."

"मग ते वाईट ना?"

"चांगलं. तेवढं त्या माणसाकडे राहतं." त्यांनी डबी उचलून फुंकर मारली. "ही सगळं दाखवते. पण होऊन गेल्यावर."

एवढं तिला नावं ठेवून संध्याकाळी त्यांनी डबी खिशात घातली. मी विचारलं, "घरी नेताय?"

"तो धोंडा बघितला की ती तोंड फिरवते. ही तिला दिसणारच नाही."

"म्हणजे न विचारता काढणार?"

त्यांचा डावा डोळा मिटला. "विचारून झालं गं," ते म्हणाले. "आयुष्यभर विचारून झालं."

पुढच्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी जेवणाचा डबा उघडलाच नाही. मोबाइल माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, डबी स्वयंपाकघरात फळीवर ठेवली होती, मिठाच्या बरणीच्या बाजूला. वहिनी खाली स्टुलावर बसून शेंगा निवडत होत्या. त्यांना माहीत नव्हतं. भाऊ बाहेरच्या खोलीत मोबाइल घेऊन बसले. पडद्यावर वहिनी दिसत होत्या, मान खाली. मग त्यांनी मान वर केली आणि सरळ डबीकडे बघितलं. तोंड फिरवलं नाही, पदर घेतला नाही. शांतपणे बघत राहिल्या. भाऊंनी बटण दाबलं.

"मग मिळाला की."

"बघ."

फोटोत स्वयंपाकघर होतं. ओटा, गॅस, फळ्या, खाली शेंगांचं ताट. स्टूल रिकामं होतं. मी बोटाने सरकवून पुढचा फोटो बघितला. तेच. त्याच्या पुढचाही तोच, फक्त ताटातल्या शेंगा कमी झाल्या होत्या.

"उशीर होतो ना, भाऊ," मी म्हटलं. "तुम्हाला दिसतं तेव्हा त्या उठून गेलेल्या असणार."

भाऊंनी माझ्याकडे दोन्ही डोळ्यांनी बघितलं. "तिला उठायला माझा हात लागतो," ते म्हणाले.

मी मोबाइल परत दिला. मालकांना सांगून डबी बदलून घ्या, काहीतरी बिघडलंय, असंही मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्या दिवशी आम्ही नळाच्या तोट्यांचं पान पुरं केलं आणि तोट्यांबद्दल मी कधी नव्हे ते मन लावून लिहिलं.

त्यानंतर भाऊ सारखे सुट्टीवर असायचे. फोन केला तर एकच गोष्ट सांगायचे, उशीर वाढतोय. आधी अर्धा सेकंद होता. मग वहिनींना आतून हात धरून बाहेर आणलं, पलंगावर टेकवलं, तरी मोबाइलमध्ये त्या आत स्टुलावर बसलेल्याच. "अगं, ती माझ्या शेजारी झोपलीय आणि तिथे अजून शेंगा निवडतेय." मी म्हटलं, फोन बंद करून चालू करा. ते म्हणाले, केला. मी म्हटलं, मग राहू द्या ना तो फोन, त्या शेजारी आहेत ना तुमच्या. फोनवर वहिनींच्या कण्हण्याचा आवाज येत होता.

वहिनी गेल्या तेव्हाही फोटो झालेला नव्हता.

मी भेटायला गेले ती बाराव्यानंतर, पाहुणे पांगल्यावर. कांजूरमार्गला जुन्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर घर. दुपारचे चार वाजले असतील, कचऱ्याच्या डम्पिंगकडून वारा येत होता म्हणून खिडक्या लावलेल्या. बाहेरच्या खोलीत एका भिंतीशी पाट मांडला होता, पाटावर दिवा, दिव्यामागे भिंत. फोटोची जागा मोकळी होती आणि भिंतीवरच्या खिळ्याला शेवंतीचा हार होता. नुसता. नातेवाइकांनी आधारचा फोटो मोठा करून आणला होता म्हणे, भाऊंनी तो लावू दिला नाही. दारातून आत येणारा प्रत्येक माणूस नमस्काराला हात जोडायचा आणि मग कशाला करायचा म्हणून घुटमळायचा. मीही घुटमळले.

भाऊ पलंगावर मोबाइल घेऊन बसले होते. मोठा कॅमेरा पायाशी होता. मी बोलायचं ते बोलले. त्यांनी मान हलवली, पण नजर पडद्यावरून हलली नाही.

"अजून दिसते," ते म्हणाले. "उशिराने. पण दिसते. तिचा उशीर आपल्यापेक्षा मोठा. ती जिथवर होती तिथवर यायची आहे अजून. एकदा वर बघितलं की काढतो."

मला खरं सांगायचं तर भीती वाटली, आणि भीती वाटली की मी चिडते. "काही खाल्लंय का तुम्ही?" मी विचारलं. "मी चहा टाकते."

आत गेले. चिंचोळं स्वयंपाकघर, एका बाजूला ओटा, समोर भिंतीला लागून स्टूल. फळीवर मिठाच्या बरणीशेजारी डबी होती. तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवून मी चहा केला, गाळला, कप घेतले आणि बाहेर आले. भाऊंना कप दिला. त्यांनी सरकून मला पलंगावर जागा केली. आम्ही चहा प्यायलो. माझा कप संपत आला तेव्हा पडद्यावर मी स्वयंपाकघरात शिरले.

त्यात नवल नव्हतं. उशीर आहे हे मला माहीत होतं. मी स्वतःला बघत राहिले. मी डबे उघडते आहे, साखर शोधते आहे, दूध वर येईतो उभी आहे. स्टूल रिकामं होतं. मला हायसं वाटलं आणि मी भाऊंना म्हणणार होते, की बघा, कोणी नाही.

मग पडद्यावरच्या मी चिमट्याने पातेलं उचललं. कप स्टुलापलीकडच्या कट्ट्यावर होते. सरळ गेले असते तर दोन पावलं. पण मी सरळ गेले नाही. मी अंग चोरलं, ओढणी एका हाताने पोटाशी धरली, पातेलं उंच केलं आणि स्टुलापुढची मोकळी जागा सोडून वळसा घालून गेले. जाताना खाली बघून काहीतरी म्हणाले.

आवाज नव्हता त्यात. पण मला आठवलं. मी म्हणाले होते, "सांभाळून हं, गरम आहे."

"कोणाला सांगितलंस?" भाऊंनी विचारलं.

सवय असते, घरी ओट्यापाशी आई असते, असं मी सांगू लागले आणि मध्येच थांबले. मला कोणी दिसलं नव्हतं, आताही दिसत नव्हतं. पण तिथे कोणी नसतं तर मी सरळ गेले असते.

भाऊंचा अंगठा बटणावर होता. "काढू?" त्यांनी विचारलं. पडद्याला विचारलं की आतल्या दाराला, सांगता येत नाही. मग नेहमीसारखे थांबले. मीही थांबले. दिव्याची वात तडतडली.

बऱ्याच वेळाने त्यांनी अंगठा काढला. मोबाइल पलंगावर पालथा ठेवला, माझ्या हातातला कप घेऊन खाली ठेवला, आणि उठून आत गेले. कॅमेरा न घेता. जमिनीवर बसताना गुडघे वाजले ते मला ऐकू आलं. स्टुलासमोर बसले असणार, तिथे दुसरी जागाच नव्हती.

मग भाऊंचा आवाज आला. कोणीतरी विचारल्यावर उत्तर देतात तसा.

"हो गं," ते म्हणाले. "आत्ता बघतोय."

मी चपला घातल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.